स्कॅनरच्या काचेवर हळद, द्राक्षवेल आणि सागाची जाळी

घरात किंवा दुकानाच्या माळ्यावर जाडजूड, जुना फ्लॅटबेड स्कॅनर पडून असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. पानं, फुलं, शेंगा, बिया यांची मोठमोठी चित्रं त्याच्यावर फार सुंदर होतात. त्यासाठी कॅमेरा, भारी लेन्स, स्टुडिओचे दिवे असलं काही लागत नाही. लागतं ते काळं कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायची तयारी.

माझं सांगलीत खणभागात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, हँडबिलं, पहिल्या वाढदिवसाचे बॅनर. एके काळी जुने फोटो स्कॅन करून घ्यायला लोक ताटकळत बसायचे. आता गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो काढतं, व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतं आणि वर विचारतं, "ताई, क्लिअर येईल ना?" त्यामुळे स्कॅनर दिवसभर मोकळाच. तो मोकळा वेळ मी परसातल्या गोकर्णीला आणि तासगावहून येणाऱ्या द्राक्षाच्या काड्यांना दिला. पुढे लिहिलंय ते सगळं त्यातून जमत गेलेलं आहे. त्यातलं कळीचं आधीच सांगून टाकते: स्कॅनरवर चित्र चांगलं होतं की वाईट, हे बहुतेक वेळा काचेला काय टेकलंय आणि कसं टेकलंय यावर ठरतं. बाकीचं सेटिंग वगैरे मागाहून.

जाडा बरा की पातळ

फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे. एक सीसीडी, दुसरा सीआयएस. सीसीडीच्या पोटात दिवा, काही आरसे, एक भिंग आणि त्याच्यामागे छोटासा सेन्सर असतो. काचेवरच्या वस्तूवरून निघालेला प्रकाश आरशांवर आपटत, वळणं घेत भिंगापर्यंत येतो. हा प्रवास लांबचा असल्यामुळे काचेपासून बोटभर वर असलेला भागही बऱ्यापैकी ओळखू येतो. आरशांना जागा हवी, म्हणून हे स्कॅनर जाडे. सीआयएसमध्ये आरसेच नाहीत. कागदाच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी काचेच्या अगदी पोटाखालून सरकते आणि तिच्यावर बारीक काचदांड्यांची रांग असते. काचेला टेकलेलं तेवढं लख्ख, मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर गेलं की धुरकट.

ओळखायचं कसं? फक्त यूएसबीच्या वायरवर चालतो, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही, हातात पुस्तकासारखा धरता येतो, तर तो सीआयएस समजा. कॅननचे लाइड मालिकेतले स्कॅनर याच जातीचे. ऑल-इन-वन प्रिंटरच्या डोक्यावर बसवलेलेही बहुतेक तेच. एपसनचे परफेक्शन व्ही ६०० आणि व्ही ८५० हे सीसीडी, पण ते महाग. केवळ या छंदासाठी नवा घ्यायला मी कुणाला सांगणार नाही. जुना शोधा. दुकानं बंद करणारे फोटोग्राफर, कॉम्प्युटर दुरुस्तीवाले यांच्याकडे विचारलं की निघतो.

घेण्याआधी एक परीक्षा करा. शाळेतली १५ सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या. आकड्यांची बाजू काचेकडे करून शून्याचं टोक काचेवर टेकवा आणि दुसऱ्या टोकाखाली १५ मिलिमीटर उंचीचं काहीतरी ठेवा, काडेपेटी किंवा खोडरबरं एकावर एक. आता पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे काचेपासून एक मिलिमीटर उंची. ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि मिलिमीटरच्या रेघा कुठपर्यंत सुट्या दिसतात ते पाहा. सीआयएसवर दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यापाशीच रेघा एकमेकींत मिसळायला लागतात. चांगल्या सीसीडीवर पट्टी बऱ्याच वरपर्यंत वाचता येते. जो आकडा येईल तो कागदावर लिहून स्कॅनरला चिकटवून ठेवा, कारण पुढे शेंग ठेवायची की नुसतं पान, हे तोच आकडा सांगणार आहे.

घरात सीआयएसच असेल तरी हिरमुसू नका. सपाट वस्तूंना तो झकास आहे: दाबून वाळवलेली पानं, जाळी झालेला पिंपळ, पिसं, गवताचे तुरे. फक्त फुगीर गोष्टींच्या नादी लागू नका.

जुन्या स्कॅनरची खरी डोकेदुखी ड्रायव्हरची. विंडोज बदललं की कंपनी हात वर करते. व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्यावं लागतं, पण हजारो जुने स्कॅनर त्याच्यावर चालतात. लिनक्स येत असेल तर सेन (SANE) हे सॉफ्टवेअर फुकट आहे. खोक्यावर छापलेल्या '१९२०० डीपीआय' वगैरेला भुलू नका. ते सॉफ्टवेअरने मधले ठिपके अंदाजाने भरून फुगवलेले आकडे असतात. 'ऑप्टिकल' म्हणून जो आकडा दिलाय तोच धरायचा.

झाकण काढा, अंधार करा

बहुतेक स्कॅनरचं झाकण सरळ वर ओढलं की बिजागरीसकट निघून येतं. निघत नसेल तर उघडंच ठेवा. झाकण लावून फूल दाबलं तर फुलाचा चेंदा होतो आणि पाठीमागे करडा-पांढरा कागदी रंग येतो.

झाकण उघडं ठेवून खोलीत अंधार केला की मागचं सगळं काळं येतं. स्कॅनरचा दिवा काचेजवळच्या वस्तूवर भरपूर पडतो, पण वर जाईल तसा झपाट्याने क्षीण होतो. छतापर्यंत पोचून परत येईल एवढा त्याच्यात जीव नसतो. म्हणून काळी पार्श्वभूमी फुकटात मिळते, आणि फुलाच्या मागच्या पाकळ्या हळूहळू त्या काळ्यात बुडत जातात. हा खोलपणा कॅमेऱ्याच्या फोटोत सहज येत नाही. लोक चित्र पाहून विचारतात की हे रंगवलंय का, ते याच कारणाने.

अंधार मात्र खरा हवा. ट्यूबलाइट किंवा एलईडी दिवा चालू ठेवून स्कॅन केलंत तर चित्रावर बारीक पट्टे उमटण्याची शक्यता असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण स्कॅनर ओळीओळीने चित्र घेतो, त्याला कळतं. दिवसा काम करायचं तर स्कॅनरवर एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि आतून काळं कापड लावा. मखमल मिळाली तर उत्तम, ती उजेड गिळते. साडीच्या अस्तराचं चकचकीत सॅटिन नको, ते परत उजेड फेकतं.

पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर खोक्याऐवजी वस्तूच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर पांढरा कार्डशीट धरा, चार कोपऱ्यांना ठोकळे लावून. सावली मऊ येते. कार्डशीट वस्तूवरच टेकवलात तर सावल्या कडक आणि मळकट दिसतात.

पंखा बंद. हे मी पुन्हा सांगते, कारण एप्रिलमध्ये सांगलीत ते विसरायला फार मोह होतो. सीसीडी सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन वेगळ्या ओळी असतात आणि त्या एकच जागा किंचित मागेपुढे बघतात. मधल्या वेळात पान हललं की कडेला इंद्रधनुष्य उमटतं. सीआयएसवरही तेच होतं, तिथे तीन रंगांचे दिवे आळीपाळीने लागतात. फुलातून मुंगी निघून काचेवरून चालत गेली तर चित्रात मुंगी येत नाही, तिचे लाल-हिरवे-निळे तुकडे वेगवेगळ्या जागी येतात. ते दिसायला मजेचे असले तरी पुसत बसायला लागतात. म्हणून फूल आधी वर्तमानपत्रावर हलकेच झटका आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या, आतली मंडळी आपापली निघून जातात.

मांडणी: सगळं पालथं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. आपण वरून मांडतो, स्कॅनर खालून बघतो. म्हणजे चित्रात जे सर्वांत पुढे दिसायला हवं ते सर्वांत आधी काचेवर ठेवायचं, त्याच्यामागचं त्याच्यावर, आणि शेवटची लांब पाती सगळ्यांत शेवटी. डावं-उजवंही फिरतं: वरून बघताना डावीकडे झुकलेली काडी चित्रात उजवीकडे झुकते. काचेच्या एका कोपऱ्यात रुपयाचं नाणं ठेवून एकदा प्रीव्ह्यू काढा आणि कुठला कोपरा कुठे येतो ते मनात पक्कं करा. दोन-तीन वस्तूंची मांडणी असेल तर मी आधी टेबलावर सुलटी मांडते, मोबाईलवर फोटो काढते, तो फोटो आडवा उलटवते आणि समोर ठेवून काचेवर रचते.

आता टेकण्याबद्दल. फूल नुसतं तोंडावर पालथं घातलं की त्याचं सगळं वजन मधल्या भागावर येतं. जास्वंदीचा लांब दांडा आडवा मुडपतो आणि पाकळ्या काचेपासून वर राहतात. झेंडूचं तोंड सपाट होऊन भाकरी होते. यावर माझा उपाय थर्माकोल. फुलाच्या देठाला टाचणी किंवा बारीक तार लावायची, ती थर्माकोलच्या तुकड्यात खुपसायची आणि तुकडा दोन्ही बाजूंना ठोकळ्यांवर असा टेकवायचा की फूल खाली लोंबेल आणि पाकळ्यांच्या कडा काचेला जेमतेम शिवतील. उंची कमी-जास्त करायला ठोकळ्याखाली जुन्या लग्नपत्रिका सरकवायच्या. आमच्याकडे त्यांना तोटा नाही. एक पत्रिका म्हणजे साधारण पाव-अर्धा मिलिमीटर, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. पाकळीची कड काचेला दाबली गेली तर तिथे ओलसर, गडद डाग दिसतो. नुसती शिवली तर कड धारदार येते आणि डाग पडत नाही. हा फरक प्रीव्ह्यूत कळत नाही, म्हणून कडेचा एक छोटा चौकोन निवडून तेवढाच ६०० डीपीआयला स्कॅन करून बघायचा.

जास्वंद मात्र मी पुढून घेतच नाही. पाठीमागून घेते. हिरवा निदलपुंज, त्याखालची बारीक पानांची झालर आणि पाकळ्यांच्या शिरा. पुढच्या बाजूपेक्षा ही बाजू कितीतरी देखणी आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. गोकर्ण सपाट असल्यामुळे नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

ताजंतवानं फूलच हवं असंही नाही. आमच्या सासूबाईंचा नियम आहे, "आधी देवाला, मग तुझ्या डबड्याला." मला आधी याचा राग यायचा, पण संध्याकाळी देव्हाऱ्यातून उतरलेली फुलं थोडी मलूल झालेली असतात, त्यांच्या पाकळ्यांचा ताठा गेलेला असतो आणि त्या काचेवर आपसूक पसरतात. शेवंती तर सकाळपेक्षा संध्याकाळी चांगली येते. आईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

उंच वस्तू, म्हणजे शेवग्याची शेंग, धोत्र्याचं बोंड, शिरीषाच्या शेंगांचा घोस, काचेच्या रुंदीच्या मध्यावर ठेवा. सीसीडीचं भिंग मध्यावर असतं, त्यामुळे कडेला ठेवलेली उंच वस्तू त्याला तिरकी दिसते, तिची आतली बाजू चित्रात उघडी पडते. गंमत म्हणजे हे फक्त आडव्या दिशेत होतं. उभ्या दिशेत सेन्सर वस्तूच्या बरोबरीने सरकत जातो, म्हणून तिथे तिरकेपणा येत नाही. लांब शेंग ठेवायची तर काचेच्या लांबीला समांतर ठेवावी, ती सरळ येते.

उजेडाची दिशाही तपासा. बऱ्याच स्कॅनरांत दिवा सेन्सरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून सावली ठरावीक बाजूलाच पडते. काचेवर एक शेंगदाणा ठेवा, स्कॅन करा, सावली कुठे पडली ते बघा. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय आहे. तो खालून आल्यासारखा दिसला तर फुगीर बी खळग्यासारखी दिसायला लागते. अशा वेळी चित्र फिरवून उपयोग नाही, काचेवरची वस्तूच अर्धी फिरवून ठेवायची.

कॅमेरा न वापरता वस्तू थेट ठेवून चित्र घेणं हे काही कॉम्प्युटरच्या काळातलं नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी १८४३ मध्ये समुद्री शेवाळं रसायन लावलेल्या कागदावर ठेवून, उन्हात धरून निळी चित्रं छापायला सुरुवात केली. तिथेही कागदाला चिकटलेला भाग रेखीव आणि वर उचललेला अंधूक. स्कॅनरला तर सुरुवातीला माणसाचाच फोटो मिळाला होता: १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो कॉम्प्युटरात घेतला, १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा. माझ्या दुकानात सगळ्यात स्वस्त माऊसपॅडसुद्धा त्याहून बारीक छापला जातो.

ओली हळद

सांगलीत राहून हळद स्कॅन केली नाही तर काय केलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मार्केट यार्डात जी येते ती शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली. चित्राला हवी ती ओली, शेतातून काढलेली. काढणी साधारण जानेवारी ते मार्च, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा. जेठा गड्डा, म्हणजे मधला मुख्य कंद, आणि त्याला लगडलेली हळकुंडं अशी आख्खी गड्डी मागा, मुळ्यांसकट. माती धुवा, पण घासू नका. अंगावरची कागदासारखी पातळ सालं आणि त्यांची गोल वळी, हीच तर चित्रात बघायची गोष्ट.

आख्खी गड्डी काळ्यावर घेतली की कोळंबीसारखी दिसते, लोकांना आवडते. मला स्वतःला कापलेली जास्त आवडते. धारदार सुरीने आडवी चकती काढा, तीन-चार मिलिमीटरची. मधला गाभा गडद केशरी, भोवती एक बारीक कड, आणि बाहेर थोडा फिका पट्टा. कापलेलं तोंड एक मिनिट टिश्यूवर दाबून ठेवा म्हणजे रस निघतो, नाहीतर काचेवर रसाचं थेंबाएवढं तळं होतं आणि चकतीची कड त्याच्यात हरवते. मग काचेवर ओएचपीची पारदर्शक शीट टाकून तिच्यावर चकती ठेवा. शीटमुळे धार किंचित कमी होते हे मान्य. कधी कधी शीट आणि काच यांच्यामध्ये तेलाच्या तवंगासारखी रंगीत वळीही उमटतात. तशी दिसली तर शीट उचलून पुन्हा टाका, जागा बदलली की बहुधा जातात. हळदीसाठी एवढा त्रास घ्यायचा, कारण नुसत्या काचेवर ठेवलेली हळद काचेच्या कडेच्या रबरी पट्टीत शिरली की कायमची.

डाग पडलाच तर निळं, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड वापरू नका. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पिवळा डाग पुसायला जाल आणि काचेच्या कडेला कुंकवाचं बोट ओढल्यासारखं होईल. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घ्यायचं आणि त्याने पुसायचं. काचेवर थेट शिंपडायचं नाही, कुठलंच द्रव. ते कडेने आत जातं आणि काचेच्या आतल्या बाजूला ढगासारखा डाग राहतो, जो प्रत्येक चित्रात येतो.

द्राक्षवेल, सागाची पानं आणि बाकी

तासगाव-मिरज भागात ऑक्टोबरची फळछाटणी आणि एप्रिलची खरडछाटणी अशा दोन वेळेला बांधावर काड्यांचे ढीग पडतात. आमचे एक नात्यातले काका पिशवी भरून देतात आणि दर वेळी म्हणतात, "ह्याची वैरण पण होत न्हाई, तू काय करतीस?" काडीवरचे कुरळे ताण, म्हणजे बाळ्या, कात्रीने देठाजवळ कापून घ्या. वाळल्या की त्या स्प्रिंगसारख्या ताठ होतात आणि अर्ध्या काचेला टेकतात, अर्ध्या वर उठतात, त्यामुळे सीसीडीवर खोली फार छान येते. पानांवर बोर्डो फवारणीचे निळसर ठिपके असतील तर मी ते धूत नाही. मोरचूद आणि चुन्याचा तो रंग तांबूस पानावर खुलून दिसतो. पण ती पानं स्वयंपाकघरात आणायची नाहीत, हात साबणाने धुवायचे, आणि काचेवर शीट टाकल्याशिवाय ठेवायची नाहीत, कारण त्यावरचा सुका थर खरखरीत असतो.

सागाची पानं पावसाळ्याच्या शेवटी बघा. एका पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधलं सगळं खातात आणि पानाची तपकिरी जाळी करून टाकतात. जमिनीवर पडलेल्या पानांतून निवडायचं. ही जाळी काळ्यावर घेऊ नका, मागे पांढरा कार्डशीट धरून घ्या. पान मोठं असल्यामुळे ए४ काचेवर मावत नाही. तसं ते तोडूनही घ्यायचं नाही. निम्मं एकदा, निम्मं एकदा स्कॅन करून जोडायचं, दोन्हींत तीन-चार बोटं भाग सामाईक ठेवून आणि पानाची दिशा तीच ठेवून.

रुईचा चीक डोळ्याला वाईट आणि काचेला चिकट. फुलं घ्यायची तर देठ कापून चीक पूर्ण गळू द्या. गाजरगवताने खाज सुटते. दगड, शंख, नदीतली वाळू लागलेली मुळं यांनी काचेवर ओरखडा जातो, तिथे शीट हवीच.

कास पठार इथून दोन-तीन तासांवर आहे आणि सप्टेंबरात तिथे काय काय फुलतं हे सांगायला नको. पण तिथलं एक फूलही आणायचं नाही. ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे, आणि सागरेश्वरच्या अभयारण्यातही तोच नियम. सीतेची आसवं एवढीशी असतात, पिशवीतून घरी येईस्तोवर त्यांचं पाणी होतं. तेरडा हवा असेल तर कुंडीतला घ्या. रस्त्याकडेची एकदांडी, आघाडा, घाणेरी ही स्कॅनरवर अशी काही दिसतात की कासला जायची गरज वाटत नाही.

सेटिंग

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवढं म्हणून 'ऑटो' आहे तेवढं बंद करा: आपोआप उजेड, आपोआप रंग, शार्पनिंग, धूळ काढणं, छापील जाळी काढणं. ऑटो उजेडाला काळी पार्श्वभूमी दिसली की तो तिला करडी करायला बघतो. शार्पनिंग पाकळीच्या कडेला पांढरी रेघ ओढतं. तुम्हाला जे करायचंय ते नंतर तुमच्या हाताने करा.

४८ बिट रंग आणि टिफ फाइल. जेपेग पुढे पाठवायला ठीक, पण मूळ ठेवायला नको. डीपीआय किती, याचं साधं गणित आहे: चांगल्या छपाईला ३०० लागतात, म्हणून स्कॅनचा आकडा भागिले ३०० एवढ्या पट चित्र मोठं होतं. ६०० ला दुप्पट, १२०० ला चौपट. दीड इंची हळदीची चकती फूटभर रुंद छापायची तर २४०० हवेत. पण पूर्ण काच २४०० ला स्कॅन करायला जाऊ नका. पूर्ण ए४ काच ६०० ला, ४८ बिटमध्ये, सुमारे २१५ एमबी होते. १२०० ला त्याच्या चौपट, म्हणजे साडेआठशेच्या पुढे. माझा कॉम्प्युटर तेवढ्याला हुंदके देतो. आवश्यक तेवढाच चौकोन निवडा.

स्कॅन चालू असताना टेबलाला हात लावू नका, कुणाला दार आपटू देऊ नका.

धूळ आणि काळा रंग

ऊस गाळपाच्या हंगामात आमच्याकडे गच्चीवर काळी राख येऊन पडते, ती काचेवरही येते. ब्लोअरने फुंकून घ्या, तोंडाने नाही. तरीही काळ्या पार्श्वभूमीवर धुळीचे कण ताऱ्यांसारखे चमकतातच. फोटोशॉप किंवा फुकटातलं गिंप, लेव्हल्समध्ये काळ्याचं टोक थोडं आत ओढलं की निम्मी धूळ बुडून जाते. उरलेली हीलिंग ब्रशने. फार आत ओढलं तर मागच्या पाकळ्याही बुडतात आणि फूल कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं, तेव्हा जपून. फुलावरचे परागकण, अळीने खाल्लेली कड, करपलेलं टोक हे मी ठेवते. नवीन मुलं सगळं घासूनपुसून गुळगुळीत करतात, मग ते वॉलपेपरवरच्या फुलासारखं दिसतं.

छापायच्या वेळी माझ्या धंद्यातलं एक सांगते. डिजिटल प्रेसवर किंवा ऑफसेटला चित्र द्यायचं असेल तर पार्श्वभूमी नुसत्या काळ्या शाईची ठेवू नका, ती राखी दिसते. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० असा चार शायांचा काळा द्या, पण आधी प्रेसवाल्या दादांना विचारून, कारण कागदाप्रमाणे शाई किती सोसते ते बदलतं. गोकर्णीचा निळा चार शायांत कधीच पुरता येत नाही, तो जांभळट, मंद होतो. त्याच्यासाठी इंकजेटवर मॅट कागदावर प्रिंट काढा. हळद दोन्हीकडे चांगली येते. मोठी प्रिंट सांगण्याआधी चित्रातला सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग येईल असा ए५ एवढा तुकडा, मोठ्या प्रिंटमध्ये येणार त्याच मापात, छापून घ्या आणि तो दुकानाच्या बाहेर, दिवसाच्या उजेडात धरून बघा. ट्यूबच्या उजेडात पिवळ्याबद्दल काहीच खरं कळत नाही.